आमची पळणारी कुणी नेली?

आमच्या गावात खोटं बोलणारी माणसं पुष्कळ आहेत, पण मला त्यांच्यात धरू नये. ती माणसं फायद्यासाठी खोटं बोलतात. मी निव्वळ हौसेनं बोलतो. भैरोबाच्या देवळाचा मी गुरव. सकाळी देवाची अंघोळ, संध्याकाळी दिवा, आणि मधल्या साऱ्या वेळात पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला थापा. गाव कृष्णेच्या काठी, बरोबर तिथं, जिथं सातारा जिल्हा दमून बसतो आणि सांगली जिल्हा उठून चालायला लागतो. आमच्या देवळाचा गाभारा साताऱ्यात आणि पायऱ्या सांगलीत आहेत, असं मी परगावच्या माणसांना सांगतो. त्यातली निम्मी माणसं पायरी उतरताना मोबाइल काढून रेंज बदलली का ते बघतात.

तर त्या देवळात मी एकदा मोठा तपास केला. आमच्या गावची पळणारी पोर ऐन यात्रेच्या आदल्या दिवशी नाहीशी झाली, त्याचा. संशयित एकेक करून देवापुढं उभे केले, तोलले, सोडून दिले, आणि शेवटी मी स्वतः त्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

आधी ती पळायची कशी, ते सांगतो. पहाटे ती कालव्याच्या रस्त्यानं निघाली की दोन्ही कडेचा ऊस तिच्या मागं वाकायचा तो दुपारपर्यंत सरळ व्हायचा नाही. दुधाच्या टेम्पोवाल्यानं एकदा तिला मागं टाकायचं मनावर घेतलं. डेअरीवर पोचला तेव्हा कॅनमध्ये लोणी निघालं. आसपासच्या एकाही यात्रेत तिच्यापुढं कुणी गेलेलं नव्हतं. शिराळ्याकडं पळाली, कुंडलच्या बाजूला पळाली, माणच्या मुरमाड रानातही पळाली. बक्षिसं इतकी आली, की त्यांच्या घरात सात मिक्सर होते आणि अकरा भिंतीवरची घड्याळं. अकराच्या अकरा घड्याळं निराळी वेळ दाखवायची, त्यामुळं त्या घरात जेवायला कधीही जा, कुठल्यातरी घड्याळाप्रमाणं जेवणाची वेळ झालेलीच असायची.

तिचा बाप म्हणजे बैलगाडीच्या शर्यतीतला जुना जाणकार. बैल विकले, पण हात स्वस्थ बसेनात. मग पोरीत पाय दिसले. शर्यतीच्या बैलाला जे जे करतात ते सगळं त्यानं तिला केलं. अंडी, उडीद, शेळीचं दूध, नजर लागू नये म्हणून पायात काळा दोरा. शर्यतीच्या आधी दोन दिवस परक्या माणसाला अंगणात पाय टाकू द्यायचा नाही. माईकवर पुकारायचे तेही तसंच: अमक्या गावची, तमक्याची पळणारी. तिचं नाव कुणी घ्यायचं नाही. प्रेम होतं हो, त्यात वाद नाही. पण बैलावरही त्याचं तसंच होतं.

पळून झालं की ती देवळाच्या नळावर पाणी प्यायला यायची. यात्रेच्या दोन दिवस आधीची सकाळ. पाणी प्याली आणि निघेचना. नळाची तोटी उगीच उघडझाप करत राहिली.

"गुरवकाका, पुण्यात निवड हाय," ती म्हणाली. "सरकारी कॅम्पची. निवडलं तर ठेवून घेत्यात, शिकवत्यात, खरा ट्रॅक असतोय. परवा सकाळी दहा वाजता."

"परवा यात्रा."

"म्हणूनच," ती म्हणाली. बापाला ती दादा म्हणायची. "दादांना इचारलं. म्हणले, यात्रा सोडून? भैरोबा काय म्हणंल? पुढच्या साली जा. पुढच्या साली माझं वय बसत न्हाई, काका. हे शेवटचं."

मी गप्प बसलो. मी गप्प बसलो की लोक घाबरतात. ती घाबरली नाही.

"मी जाणार. पण दादांना कळलं की पुण्याच्या चुलत्याला फोन जाईल. त्यो ग्राउंडपासून दहा मिनटांवर ऱ्हातो. गाडीवर घालून घिऊन यील मला. परवा दहापतोर कुणाच्या डोक्यात पुणं यायला नको. तुमी सगळ्या तालुक्याला थापा मारता. एक माझ्यासाठी मारा."

"जाणार कशी पण? कोण नेणार?"

"ते तुमाला कशाला? तुमी बोलून टाकाल."

ह्याला म्हणतात पारख. मी देवाकडं बघितलं, देवानं माझ्याकडं बघितलं, आणि मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप शेळीच्या दुधाचा तांब्या घेऊन कालव्यावर उभा राहिला. पोर आली नाही. घरी येऊन बघतो तर मिक्सरच्या खोक्यावर चिठ्ठी: 'मी बरी आहे. मला शोधू नका. यात्रा झाली की येते.' अर्ध्या तासात सगळं गाव देवळात. पुढं सुभेदार. तीस वर्षं सीमेवर काढलेला गडी, यात्रा कमिटीचा अध्यक्ष, अजूनही मिशीला सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा हुकूम देणारा. त्यानं चिठ्ठी उन्हात धरली, वास घेतला, उलटी केली.

"ये लिखवाया गया है," तो म्हणाला. "दाब के."

"तिचंच अक्षर हाय," पळणारीची आई म्हणाली.

"अक्षर तिचं. मजकूर शत्रूचा. शोधू नका म्हणं! आपल्यात कोण शोधतं? आपुन हुडकतो."

"ती बीए झालीया, सुभेदार," मी म्हटलं.

"तुमी मधी बोलू नका, गुरव."

पोलीस ठाण्याला फोन केला. तिकडून सांगितलं, मुलगी सज्ञान आहे, स्वतः लिहून गेली आहे, तरी नोंद घेतो. सुभेदारानं फोन असा ठेवला, की पलीकडच्या माणसाचा कान लाल झाला असणार. खरी गोष्ट अशी, की आमच्या गावातलं पोर स्वतःच्या मर्जीनं यात्रा सोडून जाईल हे कुणाच्या मनाला शिवलंच नाही, बापाच्याही; त्यानं 'पुढच्या साली' म्हटलं तिथंच त्याच्या लेखी ती निवड संपली होती. आम्ही चंद्रावर माणूस गेला हे मान्य केलं, पण तोही यात्रेच्या दिवशी गेला असता तर मान्य केलं नसतं.

तेवढ्यात खिल्लारवाला उठला. खिल्लारवाला म्हणजे गावातल्या सगळ्यात जोरकस शर्यतीच्या खिल्लार बैलाचा मालक. पळणारी यायच्या आधी यात्रेचा खरा मान त्याचा होता. तो म्हणाला, "मागं माझा बैल असाच गेला न्हवता का शर्यतीच्या आदल्या दिवशी? नदीपलीकडच्यांनी सोडून न्हेला आन उसात लपवला. हे त्येच हाय! पोरीला उसात ठेवलीया."

पटलं. एका क्षणात सगळ्यांना पटलं. पन्नास माणसं उसात घुसली. आणि देवाशपथ सांगतो, ही थाप नाही, निम्मी माणसं जिभेनं 'च् च्, हौ हौ' करत होती. एकानं गळ्यातली घुंगुरमाळ आणली होती आणि एकाच्या हातात हिरव्या मक्याची पेंडी होती. पळणारीची आई बांधावर उभी राहून म्हणाली, "आवं भावजी, ती काय वैरण बघून येणार हाय का?" तो माणूस पेंडीकडं बघत तसाच उभा राहिला. मग बायका जे हसायला लागल्या ते शेजारच्या मळ्यातली मोटार बंद पडेपर्यंत हसल्या.

उसात रानडुक्कर सापडलं, दोन वर्षांपूर्वी हरवलेली कळशी सापडली, पुण्याला नोकरीला आहे असं घरी सांगणारा एक इसम झोपलेला सापडला. पोर सापडली नाही. आणि ह्या शेवटच्या इसमामुळं कुणीतरी म्हणालं, "पुण्याला फोन लावून बघायचा का तिच्या चुलत्याला?"

"थांबा!" मी ओरडलो. "भैरोबा असताना चुलत्याला कशाला इचारता? कौल लावू."

आता कौल म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. देवाच्या दोन खांद्यांवर शेवंतीची एकेक कळी ओल्या बोटानं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कळी कधी पडावी हे देवाच्या हातात. कळी किती ओली लावावी हे गुरवाच्या हातात. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता पूजा मुलाकडं दिली आहे म्हणून लिहून टाकतो. मात्र देवाला मी कधी फसवलेलं नाही. त्याला सगळं दिसतं, माझं बोटसुद्धा.

"पण एक हाय," मी गावाला म्हटलं. "आज देवाची हळद. उद्या लगीन. नवरदेवाला एकसारखं पिडायचं नसतंय. सकाळी एक नाव, दुपारी एक, दिवेलागणीला एक. जास्त इचारलं तर रुसतो."

असा नियम कुठंच नव्हता. गावानं माना डोलावल्या. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं तर सांगितलं, की त्याच्या आज्याच्या वेळेलाही असंच होतं.

पहिला संशयित अर्थातच नदीपलीकडचा सरपंच. पुरावा असा, की परवा बाजारात तो आमच्या माणसाकडं बघून हसला होता.

"त्यो दात नवीन बसवल्यापास्नं हसतोयच," पळणारीचा बाप म्हणाला. तो बिचारा खांबाला टेकून बसला होता, दुधाचा तांब्या अजून हातात. त्याच्याकडं बघवत नव्हतं. मी त्या दिवशी जितक्या वेळा त्याच्याकडं बघितलं, तितक्या वेळा माझी जीभ सुटायला आली. पण मग मला नळाच्या तोटीवरचा तिचा हात आठवायचा.

दोन्ही कळ्या मी अशा ओल्या लावल्या, की त्या देवाच्या अंगाला फुटल्यासारख्या दिसत होत्या. गाव टक लावून बसलं. तास झाला. घरोघरच्या भाकरी देवळात आल्या. माणसांनी कळीवरची नजर न काढता पिठलं खाल्लं; एकानं दुसऱ्याच्या ताटातली मिरची उचलली तेही कळलं नाही. दुपार टळल्यावर डावी कळी पडली. सरपंच सुटला. गावाला इतकं वाईट वाटलं, की सुभेदार म्हणाला, "फेरतपास हो सकता है क्या?"

"नवरदेवाला?" मी म्हटलं. तो वरमला.

दुसरं नाव मी सुचवायच्या आत माझ्या बायकोनं सुचवलं. ती मागं बसून फुलवाती वळत होती. तिला मी काही सांगितलं नव्हतं, पण तिच्यापासून मी फक्त थापाच लपवू शकतो. खरं तिला आपोआप कळतं. ती म्हणाली, "ज्यानं उसात घालवलं सगळ्यांना, त्येलाच इचारा की. पळणारीमुळं कुणाच्या बैलाची शर्यत भर उन्हात ढकलली?"

सगळ्या माना खिल्लारवाल्याकडं वळल्या. तो उभा राहिला, लालबुंद झाला, बाहेर गेला आणि बैल घेऊन आला.

"ह्येच्या शिंगाची आण घिऊन सांगतो," तो देवळाच्या दारात म्हणाला, "मी त्या पोरीला हात लावला आसंल तर ह्यो बैल उद्या शेवटचा यिऊ दे!"

एवढी मोठी शपथ आमच्या गावात आजवर कुणी घेतली नव्हती. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच वेळी बैलानं मान पुढं केली आणि पायरीवरच्या परडीतल्या सगळ्या कळ्या देठासकट खाऊन टाकल्या.

"पुरावा खाल्ला!" सुभेदार ओरडला.

"आवं, भूक लागली आसंल त्येला, सकाळपास्नं सगळी हितंच हाईत," आई म्हणाली.

नव्या कळ्या आणायला माणूस कराडच्या बाजाराला गेला. त्या बैलाला मी आजही यात्रेला पहिला नैवेद्य देतो. माणूस परत येईतो ऊन उतरलं होतं. खिल्लारवाल्याची डावी कळी मी जरा कोरडी लावली. शपथच तेवढी मोठी होती.

तिसरा संशयित आपण होऊन आला. माणच्या बाजूची एक पोर होती, मेंढपाळाच्या घरची, हडकुळी, काळीसावळी. प्रत्येक यात्रेत आमचीच्या मागं दुसरी. सगळीकडं दुसरी. भावाच्या मोटारसायकलवरून ती उद्याच्या शर्यतीसाठी आली, आणि देवळात पाय टाकताच शंभर बोटं तिच्याकडं झाली.

"फायदा कुणाला?" सुभेदारानं विचारलं. "पहिली गेली की दुसरी पहिली!"

पोर आधी बावचळली. मग कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "काय बोलताय आजोबा? ती न्हाई म्हणल्यावर मी कुणाच्या मागं पळू? मला म्होरं कोण दिसलं न्हाई तर मला रस्ताच कळत न्हाई!"

तिनं इकडंतिकडं बघितलं. "आन तुमी तिला हुडकताय कशाला? ती तर निवडी..."

मी घंटा वाजवली. नुसती वाजवली नाही; घंटेला लोंबकळलो. त्या आवाजानं कबुतरं साताऱ्याच्या हद्दीतून सांगलीच्या हद्दीत गेली ती चार दिवस परत आली नाहीत. मी 'भैरोबाच्या नावानं चांगभलं' म्हणून ओरडलो आणि गाव, सवयीनं, माझ्या मागं ओरडलं. त्या गदारोळात माझ्या बायकोनं पोरीला हाताला धरून आमच्या घरात नेलं आणि तिच्यापुढं पोळ्यांचं ताट ठेवलं. नंतर कळलं, पुण्याला जाणार हे आमचीनं माझ्याशिवाय फक्त तिलाच सांगितलं होतं. तिचं स्वतःचं वय गेल्या साली संपलं होतं. तिच्या बापाला मेंढरं घेऊन खाली उतरायचं होतं, म्हणून ती चाचणी राहून गेली. हे तिनं पोळी खाता खाता सांगितलं, आणि आणखी तूप मागितलं.

यात्रेचा दिवस उजाडला. हलगी वाजायला लागली, पाळणे उभे राहिले, भेळेच्या गाड्या लागल्या, आणि गाव मात्र देवळात. नऊ वाजले होते. एक तास उरला होता, आणि मला वाटलं जिंकलो. तेवढ्यात खिल्लारवाल्यानं शांतपणे विचारलं, "ती रोज सकाळी नळावर कुणाशी बोलत व्हती?"

नळ देवळाचा. देऊळ माझ्या ताब्यात. सगळ्या माना, एकही न चुकता, माझ्याकडं.

"गुरव," सुभेदार म्हणाला, "आपण बाजूला व्हा. तुमच्या नावाचा कौल मी लावणार."

त्यानं लष्करी शिस्तीत हात धुतले आणि रुमालानं खडखडीत पुसले. कोरड्या बोटानं उजवी कळी लावली. मी डोळे मिटले. डोळे उघडायच्या आत टप्प असा आवाज आला. उजवी कळी. होय.

पळणारीचा बाप उठून माझ्यासमोर आला. "गुरव," तो म्हणाला, "माझी पोर कुटं हाय?" खरं सांगितलं असतं तर सव्वानऊला चुलत्याला फोन आणि साडेनऊला पोर गाडीवर. सुभेदाराच्या मनगटावरचं घड्याळ मला दिसत होतं.

"सांगतो," मी म्हटलं. "पण बसा. सगळं पहिल्यापास्नं सांगावं लागंल."

आणि मी आयुष्यातली सगळ्यात लांब थाप सुरू केली. सांगितलं, की काल पहाटे मी देवाला पाणी आणायला निघालो, तर कालव्यावरून धुळीचा लोट आला. त्यात ती. एवढा वेग घेतला होता, की तिला थांबता येईना. बुटाचे तळवे वितळून चालले होते. ओरडली, काका, धरा! मी यात्रेत नाचवायच्या सासनकाठीचा दोर फेकला, तो तिच्या कंबरेला बसला, पण थांबायची ती कुठली, मलाच फरपटत घेऊन निघाली.

"दोर काथ्याचा का नायलॉनचा?" खिल्लारवाल्यानं विचारलं.

"काथ्याचा."

"हां," तो म्हणाला आणि पुढं सरकून बसला.

कराडला सिग्नल लाल होता. तिनं तोडला, मी हात दाखवून माफी मागितली. टोलनाक्याला आडवा दांडा होता. ती वरून गेली, मी खालून गेलो.

"टोल?" सुभेदार.

"माणसाला न्हाई घेत."

"बराबर."

"आवं, धोतर राहिलं का अंगावर?" एका आजीनं विचारलं.

"साताऱ्यापतोर राहिलं, आत्ती."

देऊळ फुटलं हसून. पळणारीचा बाप हसत नव्हता, पण उठलाही नाही. दहाला पाच कमी असताना मी साताऱ्याचे पेढेवाले तिच्यामागं कसे धावले ते सांगत होतो. सव्वादहाला मी खंबाटकीचा घाट चढत होतो. तिथं काथ्याचा दोर तुटला, खिल्लारवाला "म्हणूनच इचारलं व्हतं!" म्हणाला, आणि मी माणच्या मेंढरांच्या ट्रकमधून, मेंढरांच्या मधोमध, त्यांच्यासारखाच चेहरा करून परत आलो. साडेदहाला गोष्ट संपली आणि थुंकीही संपली.

"मग ती कुटवर गेली आसंल आता?" आजीनं विचारलं.

मी तोंड उघडलं, आणि पळणारीच्या आईच्या पिशवीत फोन वाजला. तिनं सावकाश काढला, चष्मा लावला, नाव वाचलं आणि स्पीकर सुरू केला.

"आई! झालं गं. तिसरी आले. चौघींना घेतलं. मला घेतलं!"

बाप फोनजवळ गेला. मला वाटलं, आता फोन नदीत.

"टायमिंग किती?" त्यानं विचारलं.

तिकडं ती दचकली असावी. मग तिनं सांगितलं.

"सुरुवात हळू केलीस."

"व्हय, दादा."

"मी असतो म्हंजी वरडलो असतो."

"म्हणूनच तुमाला न्हाई आणलं."

बापानं फोन कानापासून लांब धरला, त्याकडं बघितलं, आणि मग तो जो हसायला लागला त्याला दोन माणसांनी धरून खाली बसवावं लागलं. कालपासून हातात असलेला तांब्या शेवटी खाली पडला. बाहेरच्या हलगीवाल्याला काय कळलं कोण जाणे, पण त्यानं लग्नाचा ठेका धरला आणि सुभेदार, तीस वर्षं सीमेवर काढलेला सुभेदार, जागच्या जागी दोन पावलं नाचला. मग "सावधान" म्हणून स्वतःलाच थांबवलं.

दुपारच्या शर्यतीत माणची पोर पळाली. पळणारीचा बाप दोरीच्या कडेनं तिच्याबरोबर धावत ओरडत होता, "मान खाली! हात जवळ घे! मी दिसतोय न्हवं? माझ्या मागं ये!" पोटऱ्या भरून आलेला साठीचा माणूस पुढं आणि ती मागं. शेवटच्या वळणावर ती त्याला मागं टाकून गेली. आठवा मिक्सर त्यानंच उचलून तिच्या भावाच्या गाडीला बांधला.

आता राहिला तपास. ती कशी गेली? आमच्या गावाहून हायवे सतरा किलोमीटर, आणि पहाटे एसटी नाही. यात्रेआधी ज्यांनी ज्यांनी कानावर हात ठेवले होते, त्यांची स्मरणशक्ती निवड झाल्यावर परत आली. खिल्लारवाला सांगायला लागला, की बैलाच्या शपथेत फक्त हात लावायचा विषय होता, पिकअपचा नव्हता, आणि पिकअप त्याचीच होती. सुभेदारानं खासगीत कबूल केलं, की ऑपरेशन त्याचं होतं, म्हणून तर संशय माझ्यावर ढकलायला त्यानं कोरडी कळी लावली. बाप एका लग्नात म्हणाला, की पोरीला मोटारसायकलवर मीच सोडलं. नदीपलीकडचा सरपंच नवे दात दाखवत सांगतो, की होडी त्याची. गुन्हा एक आणि गुन्हेगार इतके, की त्यांना बसवायला मांडव कमी पडावा.

मीही मनात तोलत होतोच. माझा संशय आईवर होता. दोन दिवस तिनं एकदाही 'माझी पोर कुटं' असं विचारलं नव्हतं.

दोन महिन्यांनी ती सुट्टीवर आली. अंगात कॅम्पचा निळा सूट. नळावर पाणी प्यायली आणि सगळं गाव भोवती जमलं. सुभेदारानंच विषय काढला. "अब बताओ. कुणी नेलं तुला हायवेपर्यंत?"

तिला प्रश्नच कळला नाही. "कुणी म्हंजी?"

"वाहन कुणाचं?"

"कुणाचं न्हाई. पळत गेले की."

"सतरा किलोमीटर? बॅग घिऊन?"

"पाठीला बांधली. उजाडायच्या आत पोचले, एसटी यायची व्हती अजून."

आयुष्यभराच्या थापांत माझी एकच खरी निघाली आणि तीही मी जरा लांबवली होती. पण गावाच्या तोंडाकडं बघण्यासारखं होतं. पिकअप, ऑपरेशन, मोटारसायकल, होडी, सगळं एका वाक्यात वाया गेलं होतं. ती तोंड पुसून, बुटाची नाडी ताणून, कालव्याकडं निघूनही गेली.

मग खिल्लारवाला हळूच माझ्याकडं वळला.

"पळत म्हणं! बॅग घिऊन!" तो म्हणाला. "गुरव, खरं सांगा. असल्या थापा मारायला तिला तुमीच शिकवलं का न्हाई?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी मान खाली घातली, धोतराचा सोगा नीट केला, आणि नाही म्हटलं नाही.